शून्य अपघाताचं गाव

महामारीच्या सगळ्या काळात आमच्या खैरशेतच्या हद्दीत रेल्वेचा एकही अपघात झाला नाही. हे मी म्हणत नाही. मी म्हटलं असतं तर घरातल्यांनी मला उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं. हे रेल्वेचे सुरक्षा अधिकारी म्हणाले, तेही पडद्यावर आलेख दाखवून. तेव्हा माझ्या चुलत सासऱ्यांना, भागोजीकाकांना, मालगाडीने उडवून दीड वर्ष झालं होतं. त्यांची बायको, आमची बायजाकाकी, पहिल्याच रांगेत बसून तो आलेख बघत होती.

मी सत्यवती. गावात अंगणवाडी चालवते. वरून कागद आला की कुपोषित मूल कागदावर कसं गुटगुटीत होतं हे मला ठाऊक आहे, त्यामुळे सरकारी भाषेला मी सहसा बिचकत नाही. पण त्या दिवशी मीही गप्प बसले. माझे सासरे धाकू, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, ते मात्र गप्प बसले नाहीत. तिथूनच हे सगळं सुरू झालं.

आधी गाव समजून घ्या. माणगावच्या बाजारातून निघालं की अर्ध्या-पाऊण तासाच्या चालीवर खैरशेत लागतं. घरं रुळांच्या अलीकडे, भाताची खाचरं रुळांच्या पलीकडे, आणि खाचरांच्याही पलीकडे नदीकाठी स्मशान. म्हणजे जगायचं तर रूळ ओलांडा, आणि मेलात तरी ओलांडा. रेल्वेने लाइन टाकली तेव्हा गावाला काही विचारलं नव्हतं. पण एक गेट दिलं, गेटावर माणूस दिला, त्याला बसायला खोली दिली. गाडी यायची झाली की तो गेट पाडायचा, गेली की उचलायचा. बैल, टेम्पो, शाळेची पोरं, तिरड्या, सगळं त्या गेटातून जायचं.

मग महामारी आली आणि गाड्या बंद झाल्या. गाड्या बंद तर गेट उघडं राहील, असं आपल्याला वाटतं. ते आपल्याला डोकं नसतं म्हणून. गाड्या नाहीत तर गेटावर माणूस कशाला, आणि माणूस नाही तर गेट उघडं कसं ठेवणार? तेव्हा त्यांनी माणूस दुसरीकडे हलवला आणि गेटाला साखळदंड घालून कुलूप ठोकलं. या हिशेबात कुठे खोट सापडते का, हे मी बरेच दिवस शोधत होते. नाही सापडली.

कुलूप वाहनांना. माणसं कडेच्या फटीतून अंग चोरून जायची. शिवाय तेव्हा हमरस्त्यावर पोलीस उभे होते आणि त्यांच्या हातातल्या काठ्या कुणाचं कारण ऐकून घेत नव्हत्या. मग लोकांनी रुळांचाच रस्ता केला. मुंबई-पनवेलचे चाकरमानी डोक्यावर बोचकी घेऊन रुळांवरूनच गावी आले. आमच्यातल्या बायका जेवणं झाल्यावर रुळांवर शतपावली घालायला लागल्या. टीव्हीवर रोज सांगत होते की रेल्वे बंद आहे. माणसांची रेल्वे बंद आहे, सिमेंट-कोळशाची चालू आहे, एवढं बारीक त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

भागोजीकाका माणगावला बियाणं आणायला गेले होते. येताना पोतं डोक्यावर, पोत्याचा घेर दोन्ही कानांवर, आणि वर गात चालायची सवय. आवाज भसाडा, पण मोकळा. मालगाडी पाठीमागून आली. त्यापुढचं मी सांगत नाही. पोलीस आले, रेल्वेची माणसं आली. रेल्वेच्या माणसाने पहिला प्रश्न विचारला तो असा, की गाडीला काही झालं का?

काहीच झालं नव्हतं. गाडी वेळेवर पुढे गेली होती.

काकांच्या मयताला वीसच माणसांची परवानगी होती. आमच्याकडे तिरडी अर्ध्या वाटेवर गेली की खाली टेकवतात. त्याला विसावा म्हणतात. तिथे तांदळाचे दाणे ठेवायचे, खांदेकऱ्यांनी पुढचे मागे आणि मागचे पुढे व्हायचं, आणि बायकांनी शेवटचं बघून तिथूनच परत फिरायचं. गावाचा विसावा पूर्वापार एका ठरल्या जागी असे. लाइन आली तेव्हा नेमके त्याच जागी रूळ पडले. मग लोकांनी विसावा गेटाच्या अलीकडे सरकवला आणि सगळ्यांनी तो मानून घेतला. आबांनी कधी मनापासून मानला नव्हता. काकांची तिरडी गेटाशी आली तेव्हा आबा खांदा सोडेनात. "अलीकडं न्हाय," ते म्हणाले. "जुन्या जाग्यावर टेकवा. रेल्वेनी माझा भाऊ घेतला, आता माझी जागा तरी दील."

म्हणून काकांचा विसावा दोन रुळांच्या मधोमध झाला. एवढ्या रागात कुणी आबांना अडवणार नव्हतं. आणि एकदा झालं ते झालं. पुढच्या मयतालाही तसंच, त्याच्या पुढच्यालाही. महामारीत मयतं कमी नव्हती. गाडीची भीती कुणाला नव्हती, कारण आमचे कान शाबूत होते. नदीवरच्या पुलावर डिझेलचं इंजिन चढलं की त्याची धडधड गावभर ऐकू येते. पूल धडधडला की तिरडी उचलायची, एवढंच. मालगाडीने काकांना मारलं ते कानांवर पोतं होतं म्हणून, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. असं काहीतरी ठरवल्याशिवाय माणसाला झोप लागत नाही.

तर पुढच्या वर्षीच्या दिवाळीला ते सुरक्षा अधिकारी आले. नाव कुलदीपसाहेब. तरणेबांड, नीटनेटके, मास्कसुद्धा शर्टाच्या रंगाचा. ग्रामपंचायतीच्या पडवीत पडदा लावला, खडूने गोल आखून त्यात आम्हाला बसवलं आणि पडद्यावर एक रेघ दाखवली. रेघ वरून निघाली होती आणि महामारीच्या वर्षात शाळेतल्या घसरगुंडीसारखी खाली आली होती. शेवटी एक भलंमोठं शून्य.

"या विभागात अपघातांचं प्रमाण ऐतिहासिक पातळीवर खाली आलंय," साहेब म्हणाले. "सुरक्षेबाबत आपण केलेल्या अथक प्रयत्नांचं हे यश आहे."

गाड्याच नव्हत्या, हे त्या पडद्यावर कुठे लिहिलेलं नव्हतं. विहीर आटली की बुडून कुणी मरत नाही. म्हणून कुणी विहिरीला हार घालत नाही. रेल्वे घालते.

"आणि म्हणून," साहेब पुढे म्हणाले, "हे गेट आता कायमचं बंद करायचं ठरलंय. दोन वर्षांत इथे एकही अपघात नाही, गेटवरून वाहतूकही नाममात्र. पलीकडे जायला रुळांखालून ओढ्याची मोरी आहे, ती आम्ही रुंद करून देऊ."

वाहतूक नाममात्र, कारण गेटाला कुलूप. मी हे बोलणार तेवढ्यात आबा आपल्या गोलातून उठून पुढे गेले.

"साहेब, आमचा भागोजी कुटं हाय यात?"

साहेबांनी शेजारच्या माणसाकडे पाहिलं. त्याने त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. साहेबांचा चेहरा खरंच मवाळ झाला. वाईट माणूस नव्हता तो. "आजोबा, झालं ते फार वाईट झालं. पण तो मृत्यू अपघातात धरत नाहीत. ते रुळांवर परवानगीशिवाय आले होते."

"म्हैस मेली तर धरता काय?"

"नाही. जनावरही नाही."

"मंग धरता तरी काय?"

साहेबांनी अगदी सरळपणे सांगितलं. गाडी रुळांवरून घसरली, दुसऱ्या गाडीवर आदळली, गाडीला आग लागली, किंवा वाटेत काही अडथळा येऊन प्रवासी गाडी खोळंबली, तर तो अपघात. थोडक्यात, जे काही व्हायचं ते गाडीला व्हायला हवं.

बायजाकाकीने पदर तोंडाला लावला. ती रडत असेल असं मला वाटलं, पण नव्हती रडत.

"मोरीतून तिरडी कशी न्यायची?" आबांनी विचारलं. "आताच वाकून जावं लागतंय. पावसाळ्यात छातीएवढं पानी."

"थोडं वाकून न्या ना, आजोबा. थोडी गैरसोय होईल."

"आमी वाकू," आबा म्हणाले. "मुडदा वाकत न्हाय, साहेब."

हसू फुटलं, साहेबसुद्धा हसले, आणि सभा संपली. जाताना साहेबांनी जाहीर केलं की येत्या पावसाळ्यात ते स्वतः येऊन गावाला 'शून्य अपघात ग्राम' असं सन्मानपत्र देतील, आणि त्याच दिवशी गेट समारंभपूर्वक कायमचं बंद करतील. समारंभाने दार बंद करणारे मी पहिलेच पाहिले.

त्या दिवसापासून आबांना दुसरा विषय उरला नाही. गेट राहिलं पाहिजे. गेट असतं, गेटावर माणूस असता, तर त्याने भागोजीला हटकलं असतं, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं आणि ते खरंही होतं. ते माणगावला गेले, रोह्याला गेले, जिथे रेल्वेचं म्हणून जे दार दिसेल तिथे जाऊन उभे राहिले. प्रत्येक ठिकाणी त्यांना तेच शून्य दाखवलं. संध्याकाळी घरी आले की चहाची कपबशी बाजूला सारायचे आणि मला म्हणायचे, "सत्ये, आपल्या गावाची चूक येवढीच, की आपन गाडीला न मोडता मरतो."

शेवटी आमच्या सरपंचांनी, शिवदासनी, गावकी बोलावली. शिवदास म्हणजे मोठा धोरणी माणूस. ग्रामपंचायतीची टाकी गळते हे लपवायला त्याने टाकीलाच वेल लावला आहे. "रेल्वेला शून्य नको आसंल तर आपन येक करून देऊ," तो म्हणाला. "येक आपघात पायजे. छोटासा. बोला."

आणि लोक खरंच बोलायला लागले. कुणी म्हणालं रुळावर ओंडका टाकू. तुरुंगात कोण जाणार, यावर तो ओंडका मागे आला. कुणी म्हणालं बैलगाडी सोडू. ज्याच्याकडे गावातली शेवटची बैलगाडी, तो उठून घरी गेला. शिवदास म्हणाला, माणूस आडवा झोपवू, गाडी थांबली की उठवू. थांबली नाही तर? मग तो परवानगीशिवाय आला असं होणार, आणि आपलं शून्य शून्यच राहणार. माझ्या सासूबाई, गोदूबाई, दारात बसून तांदूळ निवडत होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, "मला नेऊन झोपवा. नायतरी माजे गुडगे काय कामाचे न्हाईत." आबा इतके संतापले की त्यांनी सगळ्यांना घालवून दिलं. "माझ्या घरातून आजून येकबी जीव रेल्वेला देनार न्हाय," असं ओरडले. ते ओरडणं ऐकून बायजाकाकी आत आली, त्यांच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला आणि परत गेली.

अपघाताचा बेत तिथेच बारगळला.

पावसाळा लागला. मधल्या काळात प्रवासी गाड्या परत सुरू झाल्या होत्या. नावं तीच, वेळा भलत्याच. वरून एक नवी गोष्ट झाली: लाइनीवर तारा आल्या आणि डिझेलच्या जागी विजेची इंजिनं धावायला लागली. वर्तमानपत्रात त्यांचं फार कौतुक आलं. धूर नाही, आवाज नाही. आवाज नाही हे आम्ही वाचलं आणि बरं झालं म्हणालो, आता रात्री झोप तरी लागेल. हे आमच्या कानांना कुणी सांगितलं नाही. कान अजून पूल धडधडायची वाट बघत होते.

आबा श्रावणात गेले. महामारीने नाही, हे मला चार वेगवेगळ्या ठिकाणी सांगावं लागलं आणि दोन ठिकाणी कुणाचा विश्वास बसला नाही. छातीत कफ झाला, दोन दिवस पडून राहिले. तिसऱ्या दिवशी पहाटे पेज मागितली आणि ती आणेपर्यंत गेले. मला त्यांची फार सवय होती. नवरा, परेश, रोह्याच्या कारखान्यात पाळीवर असायचा. घरात बोलायला आबाच, भांडायलाही आबाच. मी चुलीपाशी पेजेचं भांडं धरून किती वेळ उभी होते कोण जाणे.

आणि बघा, माणसाने वेळ साधावी ती अशी. ते गेले त्या दिवशी दुपारीच साहेबांचा समारंभ होता. गेटाशी मांडव पडला होता, खुर्च्या आल्या होत्या. गेट उघडूच नये म्हणून आधीच दोन जुने रूळ आडवे लावले होते आणि त्यांना झेंडूच्या माळा घातल्या होत्या. मोरीत छातीएवढं पाणी होतं, आबांनी सांगितलं होतं तेवढंच.

शिवदास धावत आला. "परेश, मयत संध्याकाळला काडू. साहेब येतायत, बरं दिसत न्हाय."

"आबांना गेटाचा समारंभ बघायचा नव्हता," परेश म्हणाला. "आधी त्यांना नेऊ." एरवी परेश बायकोसमोरही आवाज चढवत नाही. पण त्या दिवशी तो शिवदासकडे असा काही बघत होता, की शिवदास मुकाट्याने खांद्याला लागला.

तिरडी गेटाशी आली. कडेच्या फटीतून ती काढताना एक माळ तुटली आणि तिरडीवरच पडली. कुणी काढली नाही. मग पलीकडे, रुळांच्या मधोमध, दोन वर्षांच्या सवयीने तिरडी टेकवली. पाऊस भुरभुरत होता. पूल गप्प होता. माणसं निवांत होती. पुढचे मागे होत होते, मागचे पुढे, परेश तांदळाचे दाणे ठेवायला वाकला होता. आम्ही बायका गेटापाशी थांबलो होतो. मध्ये सासूबाई, त्यांना एका बाजूने मी धरलेलं, दुसऱ्या बाजूने बायजाकाकीने.

वळणावरून गाडी आली. आली म्हणजे काय, दिसलीच एकदम. मग भोंगा.

मी एवढ्या जोरात कधी किंचाळले नव्हते. खांदेकरी दोन्ही बाजूंना पांगले. एकाने परेशला दंडाला धरून खाली ओढलं, मडकं फुटलं, निखारे ओल्या खडीवर चुरचुरले. आणि आबा एकटे रुळांच्या मध्ये, झेंडूची माळ घातलेले. मेलेल्या माणसाचं आणखी काय वाईट होणार, असं तुम्ही म्हणाल. तिथे उभं राहून म्हणून दाखवा. सासूबाईंनी माझा हात झटकला आणि साऱ्या शिवाराला ऐकू जाईल अशा आवाजात त्या ओरडल्या, "अवो, उटा की! उटा की तितनं!"

पावसाळ्यात गाड्या सावकाश हाकतात म्हणून, आणि इंजिनचालक भला होता म्हणून, गाडी थांबली. चाकांतून ठिणग्या उडाल्या, जळका वास सुटला, आणि ती उभी राहिली तेव्हा तिच्यात आणि आबांच्यात एखाद्या अंगणाएवढं अंतर होतं. डब्यांच्या खिडक्यांतून शेकडो डोकी बाहेर आली. त्यातले निम्मे मोबाईल होते.

शेवटच्या डब्यातून कुलदीपसाहेब उतरले. आमच्याच समारंभाला येत होते. काखेत चौकट केलेलं सन्मानपत्र, डोक्यावर छत्री, खडीवरून धावताना बूट घसरत होते.

"कोण झोपलंय ते रुळांवर?" ते लांबूनच ओरडले. "उठवा त्याला! उठवा आधी!"

"प्रयत्न झाला," मी म्हणाले. "उठत नाहीत. वारलेत."

"गाडीने?"

"नाही हो. घरी. पहाटे."

साहेब थांबले. मयताकडे बघितलं, माळेकडे बघितलं, गेटावरच्या माळांकडे बघितलं. "मग इथे कशाला आणून ठेवलंय?"

"विसाव्याला."

"हा काय विसावा घ्यायची जागा आहे?"

"तुमच्या आधीपासून आहे," मी म्हणाले. "तुम्ही म्हणालात थोडं वाकून मोरीतून न्या. मोरीत छातीएवढं पाणी आहे. हे तेच आजोबा, साहेब. मुडदा वाकत नाही म्हणालेले."

त्यांनी ओळखलं. मान खाली घातली, छत्री मिटली, पावसात उभे राहिले. तेवढं मी त्यांच्या नावावर मांडून ठेवते. परेशने नवं मडकं मागवलं, तिरडी उचलली, आणि आबा रूळ ओलांडून पलीकडे गेले. सगळी गाडी त्यांच्यासाठी थांबून होती. एखाद्या मंत्र्यालाही एवढा मान मिळत नाही.

समारंभ झाला नाही. सन्मानपत्र आल्या पावली परत गेलं. कारण प्रवासी गाडीच्या मार्गात अडथळा आला होता, गाडी खोळंबली होती, तिच्यामागे आणखी गाड्या खोळंबल्या होत्या. महामारी आल्यापासून त्या विभागात जे एकदाही घडलं नव्हतं, ते आता घडलं होतं. अपघात!

मग जी धावपळ झाली ती विचारू नका. भागोजीकाका गेले तेव्हा एक पोलीस आणि रेल्वेची दोन माणसं आली होती. आता गाड्या भरभरून साहेब आले. रूळ मोजले, वळण मोजलं, पुलावर उभं राहून कान लावले. मला आणि परेशला चार-चार वेळा तेच विचारलं. एकाने तर गंभीर चेहऱ्याने विचारलं की घटनेच्या वेळी मयत व्यक्ती शुद्धीवर होती का. मग रेल्वे पोलिसांची नोटीस आली, की धाकू यांनी परवानगीशिवाय रुळांवर प्रवेश करून गाडीस अडथळा केला, तरी त्यांनी समक्ष हजर राहून खुलासा करावा. परेशने ती वाचली आणि बऱ्याच दिवसांनी हसला.

चौकशीअंती साहेबांच्या समितीने जो निष्कर्ष काढला तो असा: गेट चालू असतं आणि गेटावर माणूस असता, तर ही घटना टळली असती. आबा आधीच्या दिवाळीपासून दारोदार हेच सांगत फिरले होते. तेव्हा ते जिवंत होते, एवढीच अडचण होती.

दिवाळीच्या आधी गेट उघडलं. आडवे रूळ काढले, नवा रंग दिला, माणूस आला, भोंगा बसवला. आणि अर्थातच समारंभ झाला. मांडव तोच, खुर्च्या त्याच. कुलदीपसाहेबांची बदली झाली होती. दुसरे साहेब आले. ते म्हणाले, नागरिकांच्या जिवाचं मोल आम्ही जाणतो. शिवदासने भाषणात सांगितलं की धाकूअण्णांनी मरूनही गावासाठी गेट उघडलं, असा माणूस होणे नाही. टाळ्या पडल्या. सासूबाईंच्या हातून नारळ फोडला. नारळ एका फटक्यात फुटला. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू. आबा जिंकले होते.

पेढे वाटत मी बायजाकाकीपाशी गेले. ती मांडवाच्या कडेला उभी होती. गेट उचललेलं होतं आणि त्याखालून शाळेची पोरं पलीकडे पळत होती.

"काकी, घे ना पेढा," मी म्हणाले. "आबांचं गेट उघडलं."

तिने पेढा घेतला, पण तोंडात घातला नाही.

"भावजींसाटी गाडी थांबली," ती म्हणाली. "बरं जालं. पन सत्ये, त्ये तर मेलेलेच व्हते गं. माझा मानूस जिता व्हता."